चार बोटांची फट

बायको गेल्यानंतर दोन वर्षं मी देवघरासमोर उभा राहिलो नाही. आई दिवा लावायची आणि मी नेमका त्याच वेळी चपला घालून बाहेर पडायचो. राग होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो देवाच्या वाट्याला आला. अशा माणसानं आध्यात्मिक अनुभव लिहावा हे मलाच थोडं विचित्र वाटतं. शिवाय हा अनुभव लिहायचा तर माझी एक चूक लिहावी लागते, जी मी सख्ख्या बहिणीलाही अजून सांगितलेली नाही.

आम्ही शिरूरचे. रांजणगावच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. निवृत्त झाल्यावर एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची कॅरव्हॅन करायला बसलो. बायकोला फिरायची हौस होती, पण लॉजच्या गाद्यांची किळस यायची. म्हटलं, तुझी गादी तुझ्याबरोबर नेऊ. पलंग बसवला, छोटा ओटा केला, मागं संडास केला. पडदे शिवायचे राहिले होते, तेवढ्यात ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. गाडी दारात तशीच उभी. मला घरात बसवेना, म्हणून मी गाडीतच काहीबाही करत राहायचो. एकेक सांधा, एकेक भेग शोधून रबराची पट्टी आणि सिलिकॉन भरत गेलो. भाचा चिडवायचा, मामा, ही गाडी आहे की थर्मास? मला ते आवडायचं. आत चिलटही शिरणार नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचो.

बायकोनं आजारात कुरकुंभच्या देवीला खण-नारळ बोलला होता. ते राहूनच गेलं. माझ्या मते ज्या देवीनं ऐकलं नाही तिचं देणं कसलं? आई चौऱ्याऐंशी वर्षांची, दम्याची, गुडघ्यांनी अधू. ती मात्र धरून बसली. "तिचं बोललेलं राहिलंय. मी हाय तवर पोचवून टाकू." साध्या गाडीत तिला तासभरही बसवत नाही. शेवटी पौषातल्या एका दुपारी तिला कॅरव्हॅनमध्ये झोपवलं, हिरवा खण आणि नारळ तिच्या उशाशी ठेवला आणि निघालो. गाडीची ती पहिलीच फेरी. जिच्यासाठी ती बांधली, तिच्या नावाचा खण तेवढा गाडीत होता.

न्हावऱ्याच्या पुढं उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ता पाच तास बंद. दिवस मावळला तशी थंडी पडली. त्या वर्षी ती नुसती बोचत नव्हती, हाडात उतरत होती. आईला ऊब राहावी म्हणून मी अंथरुणाखालची विजेची गादी चालू ठेवली. आतली बॅटरी संपली, तर तात्पुरती वायर टाकून इंजिनाच्या बॅटरीवर गादी जोडली. तीस वर्षं फिटर असलेल्या माणसानं हे करावं! रस्ता मोकळा झाला. भीमेचा पूल ओलांडून आम्ही चौफुल्याच्या अलीकडे आलो आणि आईला मागच्या संडासात नेण्यासाठी मी गाडी कडेला घेऊन बंद केली. ती पुन्हा चालू झालीच नाही.

दोनशे पावलांवर एक गुऱ्हाळ होतं. तिथली बाई हातात विजेरी घेऊन आली. गुळव्याची, म्हणजे तिथं गूळ शिजवणाऱ्या कारागिराची, ती बायको. म्हणाली, म्हातारं माणूस हाय, आमच्याकडं चला, मध्यरात्री चुलवाण पेटतं, ऊब असती. मी म्हटलं, आमची आत सगळी सोय आहे. ती परत गेली. भाच्याला फोन केला असता तर तासाभरात आला असता. तोही केला नाही. माझ्या गाडीला कुणाचा टेकू लागतो हे मला कबूलच करायचं नव्हतं.

दहाच्या सुमारास आईचे पाय हाताला बर्फासारखे लागले. दोन गोधड्या, एक रजई, माझा कोट, सगळं घालून झालं होतं. गाडीत लोखंडी शेगडी आणि कोळशाची पिशवी होती, कधी बाहेर बसून भाकरी भाजायला म्हणून घेतलेली. कोळसे मी बाहेर पेटवले, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबलो, लालभडक निखारे झाल्यावर शेगडी आत आणली आणि दार लावून घेतलं. कारखान्यात सुरक्षेचे वर्ग झाले, तेव्हा मी पहिल्या बाकावर बसलेला. बंद जागेत निखारा ठेवू नये हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. धूर नाही ना, मग तासभर चालेल, असं मी स्वतःला समजावलं. आईच्या पायथ्याशी बसून हात शेकायचे आणि ते तिच्या तळव्यांना लावायचे, असं चाललं होतं. हळूहळू तिच्या पायात ऊब आली. मला समाधान वाटलं. कितीतरी दिवसांनी माझ्या हातून कुणाचं तरी बरं होतंय असं वाटलं, आणि त्या समाधानातच माझा डोळा लागला.

नंतरचं मला तुटक आठवतं. डोकं कुणीतरी आवळून धरल्यासारखं दुखत होतं. आईला हाक मारावीशी वाटली, पण जीभ उचलेना. तिचे पाय माझ्या मांडीवर होते आणि ते हलत नव्हते, हेही मला दिसत होतं, तरी त्याचं काही वाटत नव्हतं. ते काही न वाटणं मला आजही भिववतं. तेवढ्यात दारावर थाप पडली. पुन्हा पडली. मला राग आला. कोण हा, झोपू का देत नाही?

"मामा, गूळ आणलाय. गरम हाय तवर घ्या."

मला वाटलं, माणूस प्यायलाय. मी गप्प राहिलो. तो जाईना. थापा चालूच, आणि दर थापेला गुळाचं तेच पालुपद. शेवटी त्याला चार शिव्या हासडायच्या म्हणून मी उठलो. देवाच्या नावानं नाही, रागानं उठलो, हे मला लिहिलंच पाहिजे. दार उघडलं आणि शिवी द्यायच्या आत पायरीवरच कोसळलो.

त्या माणसाच्या तोंडावर आतली हवा आली असणार. हातातली ताटली त्यानं टाकून दिली, मला ओलांडून आत शिरला आणि आईला उचलून बाहेर घेऊन आला. गोधड्यांसकट तिला उचलून तो गुऱ्हाळाकडे पळाला. मी ढेकळांतून रांगत, ओकत त्याच्या मागं गेलो.

गुऱ्हाळ म्हणजे वर पत्रे आणि चारी बाजू मोकळ्या. वारा आरपार जात होता. आणि तरीही तिथं ऊब होती, कारण मधोमध उसाच्या वाळल्या चिपाडांवर चुलवाण धडधडत होतं. त्या भल्यामोठ्या चुलीच्या भिंतीला लागून पोती अंथरली आणि आईला त्यावर ठेवलं. गुळव्याची बायको काही न विचारता तिचे तळवे चोळायला बसली. आई श्वास घेत होती, पण डोळे उघडत नव्हती. तोंडानं नुसता घुर्र घुर्र आवाज. मी तिच्या डोक्याशी बसलो होतो. मी माझ्या हातानं आईला मारलं, एवढंच मनात होतं. दोन वर्षं देवाला खुनी ठरवून हिंडणारा मी, माझ्याच शेगडीनं आईचा जीव घेऊन बसलो होतो. मी चुलवाणाकडे बघून हात जोडले. काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. एवढंच म्हटलं, आता माझ्या हातात काही नाही, तुझं तू बघ. आयुष्यात असं मी पहिल्यांदा म्हणालो असेन.

बऱ्याच वेळानं आईला खोकला आला. खोकत खोकत तिनं डोळे उघडले आणि वरच्या पत्र्यांकडे बघत राहिली. मला ती ओळखत नव्हती. तोवर गुऱ्हाळाच्या मालकाची पिकअप आली आणि आम्ही तिला दौंडला दवाखान्यात नेलं. तीन दिवस ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी कोळशाचं विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. बहीण धावत आली. आईला तोवर माणसं कळू लागली होती. ती बहिणीला म्हणाली, थंडीनं गारठले होते गं. मी तिथंच उभा होतो.

मधल्या दिवसांत नवी बॅटरी बसवून मी कॅरव्हॅन दौंडला आणून ठेवली होती. चौथ्या दिवशी घरी जायला निघालो, तर आईनं गाडी आधी गुऱ्हाळावर घ्यायला लावली. मी म्हटलं, आता इथवर आलोय तर कुरकुंभ जवळ आहे, जाऊन येऊ. आई म्हणाली, आता नको, पोचलं. तिनं गुळव्याच्या बायकोला समोर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि माझ्या बायकोच्या नावाच्या त्या खण-नारळानं तिची ओटी भरली. ती बाई संकोचून गेली, हाताला राख लागलीय म्हणत पदराला हात पुसू लागली. आई म्हणाली, असू दे.

मी गुळव्याला विचारलं, त्या वेळी तुम्ही आलात कसे? तो म्हणाला, त्यात काही न्हाई मामा. मध्यरात्री चुलवाण पेटतं, तीनच्या सुमाराला दिवसाची पहिली काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरते. त्यातला पहिला गूळ आपण खायचा नाही, रस्त्यावर जो दिसेल त्याला द्यायचा, असं त्याच्या वस्तादानं त्याला शिकवलं होतं. "आता त्या वक्ताला कोन दिसनार? रोज एक कुत्रं येतं, त्यालाच देतो. त्या दिवशी कुत्रं आलं न्हाई. मग म्हनलं, गाडीत मान्सं हायेत." मी विचारलं, मग दार उघडलं नाही तरी गेला का नाहीत? तो जरा लाजला. "गूळ गार झाल्यावर कोन खातंय?" म्हणाला. जाताना त्यानं गाडीचं दार आतून-बाहेरून नीट बघितलं, रबरी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "लई झाक बसवलंय मामा. पर चार बोटं फट ठिवत जावा," एवढंच बोलला.

ते कुत्रं त्या रात्री कुठं गेलं होतं, यावर मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही.

आई त्यानंतर चैत्रापर्यंत होती. शेवटच्या दिवसांत एका संध्याकाळी देवघरात दिवा लावून मी तिच्याजवळ बसलो आणि शेगडीबद्दल तिची माफी मागितली. मला वाटत होतं तिला काही आठवत नसेल. ती म्हणाली, "मला घुसमटत व्हतं की. हाक मारनार व्हते." मी विचारलं, मग मारली का नाहीस? "दोन वर्सांनी तू माझ्या पायाशी बसला व्हतास. म्हनलं, बसू दे."

इतकी वर्षं मी समर्पण हा शब्द कीर्तनात ऐकला होता. तो इतक्या साध्या, इतक्या भयंकर रूपात माझ्याच घरात अंथरुणाला खिळून होता, आणि मी बूड टेकून त्याच्याजवळ बसलोही नव्हतो.

आता मी एकटाच असतो. पौषात कॅरव्हॅन घेऊन कुरकुंभला जातो. जाताना एक रात्र गुऱ्हाळाजवळ थांबतो आणि पहाटे तीनला जागा होऊन पहिल्या गुळाची वाट बघतो. कुत्रं बहुधा माझ्या आधी हजर असतं, मग आम्ही वाटून खातो. शेगडी मी त्याच वर्षी मोडीत दिली. पलंगाशेजारच्या खिडकीची रबरी पट्टी काढून टाकली आहे. काच चार बोटं उघडी ठेवून झोपतो. थंडी आत येते, पाय गार पडतात, आणि मग मी हात जोडून पडून राहतो.