केशरची दुसरी अंडी

सलीमभाईसमोर बसून कितीदा तोंड उघडलं — आणि भलतंच काहीतरी बोलून मिटलं. अम्मीला ठाऊक नाही, नवऱ्यालाही नाही. आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

सलीमभाई माझा चुलतभाऊ. नोकरीसाठी रत्नागिरीहून आला आणि दुबईत देरातल्या आमच्याच फ्लॅटमध्ये राहिला. त्याच्या खोलीत काचेच्या पेट्यांमध्ये साप होते — बिनविषारी, माणसांच्या घरातच जन्मलेले. त्यातली केशर, नारिंगी कॉर्न स्नेक मादी, म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिचा नर शेजारच्या पेटीत असे. अम्मी त्या खोलीत पाऊल टाकत नसे. मी मात्र कॉलेजातून आले की तिथेच. केशरला हातात कसं घ्यायचं, गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात कसा मऊ करायचा — सगळं त्यानेच शिकवलं.

केशरने अंडी घातली तेव्हा तिचं अंग इतकं उतरलं, की पाठीच्या कण्याची रेघ दिसायची. पिल्लं? ती सलीमभाईच्या मित्रांना आधीच कबूल झालेली. मला एकही नाही. "इट्स ओके, भाई," मी हसून म्हटलं. ओके नव्हतं.

मग गावी चाची आजारी पडली आणि तो तातडीने निघाला. दारात बॅग ठेवून म्हणाला,

"नाझ, तिला थोडं थोडं, पण वरचेवर खायला दे. आणि नराला लांबच ठेव. लगेच पुन्हा अंडी धरली तर जाईल ती. समजलं ना?"

"डोन्ट वरी, भाई."

केशर खाऊ लागली, जरा भरली, कात टाकली. आता काय होतंय — असं मी स्वतःला पटवलं. पण खरं सांगू? मला माझी पिल्लं हवी होती. एका दुपारी घरात कुणी नसताना मी नराला तिच्या पेटीत सोडलं.

पुढे तिचं पोट फुगलं. दोन अंडी आली — आणि बाकीची अडकली. ती काचेला अंग घासत फिरत राहायची. डॉक्टरकडे न्यायला हवं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण डॉक्टर विचारणार, नर कधी सोडला? आणि ते सलीमभाईच्या कानावर जाणार. म्हणून मी थांबले. दुसऱ्या दिवशीही थांबले. त्याचा फोन आला — केशर कशी आहे? मस्त, मी म्हटलं.

शेवटी नेलं तेव्हा ती मान उचलत नव्हती. टेबलावरच गेली. डॉक्टरांनी नराबद्दल विचारलंच. मी नाही म्हटलं. मग तेच म्हणाले — असं होतं, मादी आधीच्या नराचं बीज अंगात साठवते, अंगात पुरेसं बळ आलं की नराशिवायही पुन्हा अंडी घालते.

मी हे जसंच्या तसं सलीमभाईला सांगितलं. किती सोपं होतं!  तो म्हणाला, "म्हणजे मीच मारलं तिला. मीच सांगितलं ना, वरचेवर खायला दे म्हणून."

यावर मी काय म्हटलं असेल? "चाची कशी आहे?" एवढंच.

परत आल्यावर त्याने सगळे साप देऊन टाकले. इतक्या वर्षांत पुन्हा पाळले नाहीत.

गेल्या महिन्यात ओळखीतली एक मुलगी त्याचा सल्ला घ्यायला आमच्याकडे आली. तिच्याकडच्या सापाच्या मादीने नुकतीच अंडी घातली होती. तिने फोटो दाखवला — नुसती कातडी लोंबत होती. अशा मादीला आधी खायला घालावं लागतं; नाहीतर ती तशीच खंगत जाते. सलीमभाई फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खाणं कमीच ठेव, बेटा. जास्त घालून माझी गेली."

ती मान डोलावत होती. मी चहा ओतत होते.

तिला लिफ्टपर्यंत सोडायला मीच गेले. दार बंद होईपर्यंत ती थँक यू म्हणत होती. मी हात हलवला — आणि घरात आले.