हिरव्या लुगड्यातली बाहुली

सोलापुरात फिरदोसनं मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा तिच्याकडे एका दवाखान्याची मागची खोली तेवढी होती. तिच्या भावानं, मुबीननं, लाकडाचा उथळ ट्रे करून आतून निळा रंगवला. वाळू सारली की खाली पाणी दिसावं म्हणून. वाळू तिनं स्वतः चाळली, धुतली, गच्चीवर वाळवली. बाहुल्या, बैल, घरं, गाड्या गड्ड्याच्या जत्रेतून आणल्या. भेदरलेल्या मुलाला तोंडानं सांगता येत नाही ते वाळूत मांडता येतं, आपण फक्त शेजारी बसायचं, हे ती पुण्यात शिकून आली होती. शिकलीसवरलेली बाई पोरांना माती खेळवते, असं लोक म्हणत. तिनं ते मनावर घेतलं नाही.

एका गुरुवारी मैंदर्गीचा शिवानंद आपल्या आठ वर्षांच्या आरोहीला घेऊन आला. अक्कलकोटजवळ त्यांची जीप उलटली होती. आरोहीचा हात मोडला, तिची आई जागीच गेली. आरोही दवाखान्यात असतानाच अंत्यविधी उरकला, आणि अव्वा, म्हणजे आई, उपचाराला कलबुर्गीला गेलीय असं तिला सांगितलं गेलं. तेव्हापासून ती बोलत नव्हती. तिला खरं सांगा, असं फिरदोस म्हणाली. शिवानंदनं नकारार्थी मान हलवली. पोर कोसळेल, अशी त्याला भीती होती.

सुरुवातीला आरोही नुसती वाळूवर हात फिरवायची. मग एकदा तिनं फळीवरची हिरव्या लुगड्यातली बाहुली घेतली, खड्डा केला आणि बाहुलीला त्यात नीट बसवून वर वाळू लोटली. दारातून शिवानंदनं ते पाहिलं. आत येऊन त्यानं बाहुली उपसून काढली.

"माज्या पोरीला मयत पुरायला शिकवताय व्हय?" म्हणाला, आणि तिला उचलून घेऊन गेला.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. फिरदोसनं मैंदर्गीची एसटी धरली.

शिवानंद घरीच भेटला. तिनं वाद घातला नाही. त्या दिवशी एवढं काय लागलं, ते विचारलं. तो म्हणाला, त्यांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. आजोबांच्या वेळी आरोहीनं ते बघितलं होतं.

"म्हणजे तिला कळलंय, शिवानंदभाऊ," फिरदोस म्हणाली. "तुम्ही लपवताय म्हणून ती एकटीच ते घेऊन बसलीय."

"मला न्हाय सांगता यायचं, बाई."

"वाळूजवळ बसून सांगा. मी शेजारी असेन."

पुढच्या गुरुवारी तो आरोहीला घेऊन आला. आरोहीनं पुन्हा तीच बाहुली बसवली. शिवानंद तिच्याशेजारी मांडी घालून बसला. त्याची बोटं वाळूत उगाच फिरत होती.

"आरू, अव्वा गेली गं. त्याच दिवशी गेली. मी खोटं बोललो."

आरोही वाळू थोपटत राहिली. मग वर न बघता, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "फुलं घातली?"

"घातली."

"मी न्हवते की."

मग ती रडली, आणि शिवानंदही. फिरदोस शेजारी बसून राहिली.

त्याच आठवड्यात बापलेक शेतातल्या समाधीवर फुलं घेऊन गेले. आरोही शाळेत बोलायला लागलीय. जीपमध्ये अजून बसत नाही, एसटीनंच येते. त्यावर अजून काम करायचंय, असं फिरदोस सांगते. हल्ली आरोहीच्या ट्रेमध्ये बाजार भरतो, आणि बैल कुठं उभे करायचे यावरून ती शिवानंदशी हुज्जत घालते.