हात लावून बघणारा माणूस

मुहर्रकच्या आमच्या मोहल्ल्यात शाहीनला नावाने हाक मारणारे थोडेच. दुआइज हा त्याचा थोरला मुलगा, म्हणून बरोबरीचे लोक त्याला ‘अबू दुआइज’ म्हणत, म्हणजे दुआइजचा बाप. पोरंसोरं मात्र पाठीमागे ‘हात लाव्या’ म्हणत. हे दुसरं नाव नोकरीमुळे चिकटलेलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

नोकरी बँकेत होती, पण टेबलखुर्चीशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आमची बँक व्याज घेत नाही, व्याज हराम. कुणाला गाडी हवी असली की बँक ती आधी स्वतः विकत घेते, ताब्यात घेते आणि मग नफा लावून गिऱ्हाइकाला हप्त्यांनी विकते. माल आधी बँकेच्या कब्जात आला तर तो व्यापार. नाही आला तर नुसती कागदावरची उसनवारी, आणि वरचा नफा म्हणजे कपडे बदलून आलेलं व्याजच. आता बँकेला काही हातपाय नसतात. बँकेचा हात म्हणजे शाहीन. तो गोदामात जायचा, मालावर तळहात टेकवायचा, बिस्मिल्ला म्हणायचा आणि ‘ताब्यात आला’ अशी सही करायचा. त्याशिवाय विक्री नाही. फ्रीज, सिमेंट, होड्यांची इंजिनं, एकदा तर दंतवैद्याची खुर्ची! मेंढ्यांचा एक सौदा होता, त्यात गडी प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून आला. त्या दिवशी उम्म दुआइजने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला घरात घेतलंच नाही. अंगणात उभं करून वरून बादल्या ओतल्या.

“बँकेने मेंढ्या घेतल्या ते कळलं,” ती म्हणाली, “पण वास बँकेत ठेवून यायचा होता.”

ही नोकरी त्याला दिली उबैदने. दोघं लहानपणी एका चटईवर बसून कुराण शिकले. शाहीनचा बाप लवकर गेला, धाकटी भावंडं पोसायला तो गोदीत कामाला लागला. उबैद मदीनेला शिकायला गेला आणि शेख उबैद होऊन परत आला. बँक उघडली तेव्हा तिचे व्यवहार धर्माला धरून आहेत की नाहीत हे बघायला तीन विद्वानांचं मंडळ नेमलं गेलं, आणि उबैद त्याचा प्रमुख झाला. त्याने शाहीनला गोदीतून बोलावून घेतलं. “फतवा मी देईन रे,” तो म्हणाला, “पण गोदामात कोण जाणार? तू माझे डोळे हो.” या एका वाक्यासाठी शाहीन निखाऱ्यांवरून चालत गेला असता.

मोहल्ल्याने पैसे ठेवले ते या दोघांकडे बघून. शेख सांगतो, शाहीन हात लावतो, मग आणखी काय पाहिजे? उम्म जब्र नावाची म्हातारी, नवरा समुद्रात गेलेली, तिने त्याची होडी विकली आणि आलेले सगळे दिनार बँकेत ठेवले. “शाहीनच्या हाताखालून गेलेला पैसा आहे,” ती बायकांना सांगायची, “याच पैशांनी मी हजला जाईन.”

पुढे बँक वाढली आणि उबैदही वाढला. या बँकेच्या मंडळावर, त्या बँकेच्या मंडळावर, कुवेतला, क्वालालंपूरला. सकाळी एका शहरात सही, संध्याकाळी दुसऱ्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बरं, या मंडळाला नेमतं कोण? बँकेचे संचालक. मानधन देतं कोण? बँक. ज्याचा तराजू तपासायचा त्याच्याच गल्ल्यातून तपासणाऱ्याचं पोट भरायचं, ही रीत कुठल्या शहाण्याने काढली देव जाणे. पण शेख उबैद असताना असा प्रश्न विचारणं म्हणजे मशिदीत जोडे घालून शिरण्यासारखं होतं. कुणी विचारला नाही.

मग खलदून नावाचा नवा व्यवस्थापक आला. तरुण, गोड बोलणारा, आणि भागधारकांना दर वर्षी जास्त नफा दाखवायची घाई असलेला. त्याने बांधकामवाल्यांचे मोठमोठे सौदे आणले आणि शाहीनला सांगितलं, “अबू दुआइज, या वयात सित्राच्या गोदामांतून उन्हात कशाला फिरता? मोठ्या मालाचे फोटो येतात, ते चालतात. तुम्ही आपले फ्रीज बघा.” शाहीनला वाटलं, वरून परवानगी असेल. पण मन खात राहिलं. वर्ष संपत आलं तेव्हा लोखंडी सळयांच्या एका मोठ्या सौद्याच्या वेळी तो न सांगताच सित्राच्या गोदामात गेला.

गोदाम रिकामं होतं. राखणदार पेशावरचा होता, त्याला हसूच आवरेना. “साहेब, इथे सळया येत नाहीत, फोटोवाला येतो. शेजारच्या गोदामातल्या सळयांपुढे उभा राहतो, फोटो काढतो, जातो. वर्षभर हेच चाललंय.”

शाहीन तिथेच एका उलट्या डब्यावर बसला. म्हणजे वर्षभर बँकेने नसलेला माल विकला होता. म्हणजे या मोठ्या सौद्यांचा वर्षभराचा नफा व्याजच होतं. आणि असा नफा बँकेला ठेवता येत नाही, दानात टाकावा लागतो, ही तर उबैदनेच घालून दिलेली रीत.

दुसऱ्या दिवशी तो खलदूनसमोर उभा राहिला. खलदूनने चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवढं दान केलं तर यंदा भागधारकांना, ठेवीदारांना वाटायला एक फिल्स उरणार नाही. बँक बुडवायची आहे का तुम्हाला?”

“बँक नाही बुडत. यंदाचा नफा बुडेल. पुढच्या वर्षी माल घेऊन विका, पुन्हा येईल.”

“आणि माझी नोकरी?”

“ती माझ्या कामात येत नाही,” शाहीन म्हणाला. “मी शेखला सांगणार.”

“सांगा ना,” खलदून हसला. “अवश्य सांगा.”

त्या हसण्याने शाहीनने शहाणं व्हायला हवं होतं. पण उबैदवर संशय घेणं त्याला जमतच नव्हतं. शुक्रवारच्या नमाजानंतर त्याने उबैदला गाठून सगळं सांगितलं. उबैदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी बघतो. तोवर कुणाशी बोलू नकोस.” आता बँकेची वार्षिक सभा जवळ आली होती. तिथे दर वर्षी शेख मंडळाचा अहवाल वाचतो, बँकेचे व्यवहार धर्माला धरून होते की नव्हते ते सगळ्यांसमोर सांगतो. शाहीनचं सगळं लक्ष त्या वाचनाकडे लागलं. उबैद खरं बोलला तर मोहल्ल्याच्या तोंडात हरामाचा घास जाणार नाही. एवढंच त्याला हवं होतं.

सभेच्या आदल्या आठवड्यात दुपारच्या नमाजानंतर उबैद स्वतः घरी आला. शेख पायी चालत आला म्हणून गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. शाहीन तर हरखून गेला. बैठकीत गादी झटकली, खजूर मांडले, वेलचीची कॉफी आपल्या हाताने ओतून पुढे केली. उबैदने पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला.

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पाहुणा काही मागायला आलाय, आणि ‘हो’ ऐकल्याशिवाय तो तुमच्या घरची कॉफी पिणार नाही. शहाणा यजमान विचारतो, काय काम आहे? मोठ्या मनाचा यजमान विचारतच नाही. शाहीनला वाटलं, उबैद माझी साक्ष मागायला आलाय. सभेत उठून बोल, माझ्या बाजूने उभा राहा, असं म्हणेल. त्याचे डोळे भरून आले.

“कॉफी घे उबैद,” तो म्हणाला. “काय असेल ते दिलं.”

उबैदने पेला उचलला, पिऊन संपवला, आणि मगच बोलला.

“फोटो चालतील असं खलदूनला मीच सांगितलं होतं. फोनवर. विमानतळावर होतो, घाईत. पुन्हा विचारलं नाही मी त्याला.”

“मग तसं सांग. माणूस चुकतो.”

“मी चुकलो असं सांगितलं तर या बँकेपुरतं राहील का ते? माझ्या सहीवर किती बँका उभ्या आहेत! लोकांचा विश्वास उडेल. सगळे व्याजाच्या बँकांत जातील. ते पाप कुणाच्या डोक्यावर?”

“तुला काय पाहिजे ते बोल,” शाहीन म्हणाला.

“एकच सौदा चुकला असं म्हणू. शेवटचा, सळयांचा. तू जायला हवं होतंस, गेला नाहीस. बाकीचे सगळे तू जातीने पाहिलेस. तेवढं लिहून दे.”

“मी गेलो नाही?”

“हो.”

“उबैद, मी मेंढ्यांनासुद्धा हात लावलाय रे.”

उबैद चटईकडे बघत राहिला. “तू शब्द दिलास,” तो हळूच म्हणाला.

उम्म दुआइज दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “शेखसाहेब,” ती आतून म्हणाली, “चोर निदान भिंत फोडून येतो. तुम्हाला आम्ही दार उघडून, खजूर मांडून आत घेतलं.” उबैद उठला आणि शाहीनला मिठी मारून गेला. मिठी मारली, हे विशेष.

त्यानंतर नवराबायकोत जे झालं ते गल्लीने ऐकलंय. “असला शब्द शब्द नव्हे,” ती ओरडत होती, “फसवून घेतलाय तो!” शाहीनचं एकच म्हणणं, पाहुणा माझी कॉफी प्यायला. आता ती त्याच्या पोटातून काढून घेऊ का? काहीजण म्हणतील, मूर्ख. मी म्हणतो, मूर्ख तर होताच, पण त्याच्याकडे आयुष्यभरात शब्दाखेरीज दुसरं होतं काय? आणि ज्याने गळा कापला त्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो पायी चालत आला. शाहीनने लिहून दिलं.

सभा मनामाच्या एका मोठ्या हॉटेलात झाली. शाहीन मागच्या रांगेत बसला होता. का गेला, विचारलं तर म्हणे, कदाचित वाचताना त्याची जीभ अडखळेल. नाही अडखळली. उबैदचा आवाज मुळातच गोड, त्यात त्या दिवशी घसा साफ. बँकेचे सर्व व्यवहार धर्माला धरून आहेत. एका कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे एक सौदा बिघडला, त्याचा नफा दानात दिला आहे. कर्मचाऱ्याने चूक कबूल केली आहे. मग नफा जाहीर झाला, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. खलदूनने टाळ्या सुरू केल्या. पुढच्या रांगेतले एकेक मागे वळून बघू लागले. अहवाल वाचून त्याच रांगेत जाऊन बसलेला उबैद तेवढा वळला नाही.

महिना संपायच्या आत शाहीनला घरी बसवलं. मोहल्ला तर मोहल्लाच. ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच पायाखाली घेतलं. चहाच्या टपरीवर तो आला की बोलणं थांबायचं. पोरांनी नावही फिरवलं, आता तो ‘हात न लाव्या’ झाला. उम्म दुआइजने आपले साठवलेले पैसे त्या बँकेतून काढून घेतले, तर लोक म्हणाले, बघा तोरा, चूक नवऱ्याची आणि राग बँकेवर! शाहीन मशिदीत जायचा. नमाज पढवायला उबैद पुढे उभा असायचा आणि हा मागे. नमाज मात्र घरी येऊन पुन्हा पढायचा. बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाला, “तिथे माझं मन नमाजात नसतं. त्याच्या पाठीकडेच बघत बसतो.”

अशाच एका सकाळी उम्म जब्र काठी टेकत घरी आली. हातात झाकलेली वाटी. बसली, धाप थांबू दिली. मग वाटीवरचं फडकं काढलं. आत गरमागरम खबीस, तुपात भाजलेलं पीठ आणि वर केशर.

“पोरा,” ती म्हणाली, “बायका काय काय बोलतात, मी ऐकते. पण मी म्हणते, माणूस आहे, एखाद दिवस पायांना कंटाळा येतो. माझ्या म्हाताऱ्याची होडी तुझ्यामुळे वाया गेली नाही ना, मग झालं. यंदा नफा भरघोस आला बघ. छताला नवा पत्रा घातला. उरलं त्यातून हे केलं, पहिलं तुझ्यासाठी. मी तुला माफ केलंय. खा.”

शाहीनने वाटीकडे बघितलं. दारात उम्म दुआइज उभी होती, तिचे ओठ हलत होते.

“अम्मा, मला भूक नाही.”

“भूक कसली लागते याला! तुला वाटतंय, त्या बिघडलेल्या सौद्यातलं असेल.” म्हातारीने हसून त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “वेडा आहेस. ते दानात गेलं सगळं. हे हलाल आहे. शेखने स्वतः वाचून दाखवलंय.”

आता एक वाक्य बोललं असतं तर शाहीन मोकळा झाला असता. मग म्हातारीने पत्रा काढायचा? हजचे पैसे कुठे फेकायचे? आणि कुणाच्या मागे नमाज पढायचा? त्याने उजवा हात पुढे केला आणि एक घास उचलला.

“कसं झालंय?”

“चांगलं झालंय अम्मा.”

“मग वाटी रिकामी करून दे. भरलेली परत नेणार नाही मी.”

तो खात राहिला. म्हातारी समाधानाने बघत होती, आणि उम्म दुआइज ओढणी तोंडाशी धरून आत निघून गेली. त्याने वाटी संपवली.