बाबांना जहाजावर ठेवून

कोचीच्या धक्क्याला जहाज लागलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. साडेदहापर्यंत सगळ्यांनी परत यायचं, अकराला जहाज सुटणार, असं आदल्या संध्याकाळपासून स्पीकरवर सांगत होते. इंग्रजीत आणि हिंदीत. म्हणून बाबांना मी आपल्या बोलीत वेगळं समजावलं.

बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. आयुष्य आसगावला धानाची शेती करण्यात गेलं आणि समुद्र पाहायचा राहिला. तो दाखवावा म्हणून मी आणि बायकोने त्यांना मुंबईहून या जहाजावर आणलं होतं. आमच्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. पहिल्या दिवशी बाबांनी कठड्याला धरून बराच वेळ समुद्र पाहिला आणि विचारलं, "एवढी मोठी बोडी, अन् इचा बांध कुठं हाये?"

कोचीत मात्र ते उतरायला तयार नव्हते. गुडघे पायऱ्यांना कुरकुरतात. "तुमी जाऊन या," म्हणाले. "मी बसतो इथंच. कोन पळवून नेते मले?"

भंडाऱ्यात मी आणि बायको रोज पहाटे वैनगंगेच्या काठाने धावतो, कारध्याच्या पुलावरून पलीकडे जाऊन परत. तिची साखर वाढली तेव्हा सुरू केलं, आणि आता परगावी गेलो तरी सुटत नाही. गाडीतून पाहिलेलं गाव मला नंतर आठवत नाही, धावत पाहिलेलं आठवतं. तेव्हा कोचीही धावूनच पाहायची असं ठरलं. माझा मोबाईल बाबांजवळ ठेवला, त्यात नातीचे फोटो होते. बायकोचा चार्जिंगला होता. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, ते वेळ आणि अंतर दाखवतं. मला तेवढं पुरतं.

वाट मी ठरवली. धक्क्याजवळच्या पाण्यात जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत होते, अगदी आमच्या नदीत असतात तसे. आम्ही जहाजाला पाठ करून निघालो, तर पुंजके समोरून येऊन जहाजाकडे जात होते. मी बायकोला म्हणालो, "हे ध्यानात ठेव. जलपर्णी जिकडे जाते तिकडे जहाज." नदीकाठच्या माणसाची ही सवयच असते. आमच्याकडे पत्ता सांगतानासुद्धा कोणी उत्तर-दक्षिण म्हणत नाही. नदीच्या वरल्या अंगाला, नाहीतर खालल्या अंगाला. वर कुठं आणि खाली कुठं हे कळलं की माणूस चुकत नाही.

धाव छान झाली. मोठमोठ्या झाडांखालचा रस्ता, कौलारू बंगले, जुनी गोदामं. एका गोदामातून मिरीचा वास इतका आला की दोघंही शिंकलो. पुढे एक फेरीबोट काठाला लागत होती, तिच्यावर माणसांइतक्याच स्कूटर. बायको थांबून पाहत राहिली. "कारध्याचा पूल नव्हता तवा आपले लोक डोंग्यातून असेच जात असतील," म्हणाली. मी घड्याळाकडे पाहिलं. अजून वेळ होता. गोदामांच्या मागच्या गल्ल्यांतून दोन-चार वळणं घेऊन आम्ही पुन्हा पाण्यापाशी आलो. गोदामं आणि झाडं यांमुळे जहाज कुठूनच दिसत नव्हतं. जलपर्णी उजवीकडे चालली होती. आम्ही उजवीकडे वळलो.

जरा वेळाने बायको म्हणाली, "अहो, जहाजापासून निघालो तवा ऊन माह्या डाव्या गालावर होतं."

"मग?"

"आता बी डाव्याच गालावर हाये."

"पाणी समोर दिसून राहिलं ना. पाणी कधी उलटं वाहते का?"

"पाण्याचं मले माहीत नाही. तुमी उलटे चालले असान."

मी ऐकलं नाही. पण घड्याळातलं अंतर जातानाच्या अंतरापेक्षा वाढलं तरी धक्का येईना. रस्त्याच्या कडेला एक बाई मासे विकत बसली होती. बायकोने तिला हाताने जहाजाचा आकार करून दाखवला. त्या बाईने आम्ही आलो होतो त्या दिशेला हात केला आणि मग आमच्याकडे असं पाहिलं की भाषेची गरज उरली नाही.

भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो. पण माझ्या डोक्यात ती वाळूच्या किनाऱ्यापुरती होती. नदीसारखं दिसणारं पाणी समुद्र मागे लोटतो, त्यावरची जलपर्णी घेऊन लोटतो, हे मनात कधी आलंच नव्हतं.

दहा वाजून गेले होते. रिक्षा दिसेना. मी पळता पळता अंतर आणि वेळ यांचा मेळ घालत होतो आणि तो बसत नव्हता. जहाज सुटलं तर आमचं काय, हा प्रश्न मोठा नव्हता. कोचीहून नागपूरला गाडी मिळाली असती. बाबा एकटे समुद्रावर जाणार होते. त्यांना खोलीचा नंबर पाठ नव्हता. दाराचं कार्ड त्यांना लावता येत नव्हतं. आम्ही येईपर्यंत ते जेवणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं.

"तू पुढं हो," मी बायकोला म्हणालो. "एकानं तरी पोचलं पाहिजे."

ती एकदा माझ्याकडे पाहून निघाली. पाहता पाहता लहान होत गेली. इतकी वर्षं ती माझ्या चालीने धावत होती, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

मी धक्क्यावर आलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. जहाज होतं. उतरायची शिडीही लागलेली होती. आणि शिडीच्या खालच्या टोकाला, धक्क्याच्या फरशीवर, बाबा उभे होते. पायाशी आमच्या दोन्ही बॅगा, खांद्याला बायकोची पिशवी, हातात माझा मोबाईल. बायको शेजारी उभी राहून धापा टाकत होती. सुरक्षारक्षक हात जोडून सांगत होता, "बाबूजी, आप ऊपर बैठिए, वो लोग आ जाएँगे."

खोली जहाजावरच्या एका पोऱ्याने उघडून दिली आणि बॅगाही त्यानेच उतरवल्या, हे नंतर विचारल्यावर कळलं. वाळत घातलेले कपडेसुद्धा घडी करून भरले होते. पायऱ्या मात्र ते स्वतःच उतरले होते.

"बाबा, हे काय?"

"साडेदहा म्हनला होता तू. साडेदहा झाले. मंग मी उतरलो."

"आम्ही तुमच्या काळजीनं पळून राहिलो होतो. जहाज तुम्हाला घेऊन गेलं असतं तर?"

"मले कसं नेईन?" ते म्हणाले. "मी त्याच्यावर नसतोच."

रस्ताभर मी जो मेळ घालत होतो त्यात आम्ही हलत होतो, जहाज हलत होतं, घड्याळ हलत होतं. बाबा तेवढे ठेवल्या जागी बसून होते. त्यांनाही काही ठरवता येईल, हे मी धरलंच नव्हतं.

मी दोन्ही बॅगा उचलल्या. बायकोने खांद्यावरची पिशवी मागितली, ती त्यांनी दिली नाही. एका हाताने तिचा हात आणि दुसऱ्याने कठडा धरून ते एकेक पायरी चढू लागले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर दम घ्यायला थांबले, मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं आणि रक्षकाला म्हणाले, "आला पाहा. आता सोड म्हना जहाज."