उसाचा कणा

लग्नाच्या तीनमजली केकला कणा म्हणून मी ऊस घातला होता. ओला, सोललेला, समोरच्या मळ्यातून त्याच सकाळी तोडून आणलेला. परवा हे नातीला सांगितलं तर तिने हातातला मोबाइल खाली ठेवला. आमच्या घरात एवढा मान कुणाला मिळत नाही.

त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरण होतं. पन्नाशी जवळ आलेली, मुलं मार्गाला लागलेली, आणि सुरतेला बहिणीकडे राहून केकचा क्लास करून आलेली. तेव्हा शहाद्याकडे केक म्हणजे बेकरीतला, वर लाल जेलीने नाव लिहिलेला. मी परतले ती मान वर करूनच. भाजीवालीलासुद्धा मी आयसिंग समजावून सांगितलं. तिने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. मला वाटलं कौतुकाने दिली. आता वाटतं, मी तिथून हलावं म्हणून दिली असेल.

अशात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मी मामी, म्हणजे रुखवतात माझं काहीतरी हवंच. लोकरीचा ससा आणि साबणाचा हंस इतर बायकांना लखलाभ, मी जाहीर केलं की मी वाकडा केक मांडणार. तीन मजले, खालचा डावीकडे कललेला, मधला उजवीकडे, वरचा परत डावीकडे. बघणाऱ्याला वाटावं की आता पडतो, आणि तो पडू नये. खायचा नव्हताच तो. आत थर्माकोल, वर साखरेच्या फॉन्डंटची जाड पोळी, निव्वळ मिरवायला.

नणंद म्हणाली, "वाकडं कसाले करी ऱ्हायनी तू? सरळ कर ना. मन्ही पोरनं लगीन शे."

तिला तसं वाटायला कारण होतं. पोरीची आधीची सोयरीक साखरपुड्यातल्या एका गोष्टीवरून मोडली होती. आरतीच्या गडबडीत समई कलंडली, तेल सांडलं, आणि त्या लोकांनी अपशकुन म्हणून चार दिवसांत नारळ परत पाठवला. त्यानंतर पोर वर्षभर कुणाच्या लग्नाला गेली नाही. आता विसरवाडीकडचं चांगलं स्थळ आलं होतं आणि समईची गोष्ट तिकडे कळू नये म्हणून सगळं घर जपून बोलत होतं. अशा घरात मी कलंडलेला केक घेऊन निघाले होते.

"तुमच्या बहिणीला कला कळत नाही," असं मी नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने पेपरचं पान उलटलं. तो शहाणा होता.

तिरप्या केकच्या पोटातून वरपासून खालपर्यंत लाकडी दांडी जावी लागते. तीच सगळा भार धरते. सुरतेहून मागवलेली दांडी वेळेवर आली नाही. कारखान्याचा हंगाम चालू, रस्त्याने उसाच्या गाड्या जात होत्या, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तुळशीच्या लग्नाला मांडव उसाचा करतो, मग आपल्या पोरीच्या केकला कणा उसाचा का नको? सरळ, जाड, शिवाय शकुनाचा. घरातला पाट घेतला, खालून मोठा खिळा ठोकला, आणि वर आलेल्या टोकावर ऊस रोवला. खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. याचाच मला आनंद झाला. जे लोण्यासारखं धरतं ते लोण्यासारखंच सोडतं, हे केकच्या क्लासात शिकवत नाहीत.

जीपमधून तो केक मी मांडीवर धरून नेला. रुखवताच्या टेबलावर ठेवला तेव्हा देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू. मागे झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, आणि वरच्या मजल्याचा काठ माळेतल्या एका मोठ्या पिवळ्या फुलाला बरोबर टेकलेला होता.

लग्न लागलं, पंगती बसल्या. मी ऐटीत परत टेबलाशी आले, तर ते पिवळं फूल काठाच्या वर मोकळं दिसत होतं. काठ खाली उतरला होता.

आधी वाटलं, माळच कुणी ओढली असेल. मी तिथेच उभी राहून बघत बसले. थोड्या वेळाने त्याच्या खालचं केशरी फूलही मोकळं झालं. केक हळूहळू निजत होता आणि अख्ख्या मांडवात हे एकट्या मला कळत होतं, कारण बाकी सगळ्यांना तो वाकडाच हवा होता. बायका येत, गालाला हात लावत, म्हणत, "कशी कला शे बाई, पडी ऱ्हायना अस्सा वाटस." फोटोवाला म्हणाला, "काकू, अजून थोडा वाकडा होईल का? फोटोत भारी दिसेल."

"होईल," मी म्हणाले. "थांबा जरा."

मग मी टेबलाच्या मागे गेले, पदर पुढे ओढला आणि पदराआडून केकला हात लावून उभी राहिले. हाताला भार लागला तसं कळलं, उसाने खिळा सोडलाय. हात काढला की केक जाणार, थेट रांगोळीवर, वरपक्षाच्या बायकांसमोर. माझ्या डोळ्यांपुढे ती समई आली. पोर समोर स्टेजवर नवऱ्याशेजारी बसून हसत होती. तिचं हसणं माझ्या मनगटावर तोललेलं होतं. नणंद जेवायला बोलवायला आली, मी म्हटलं भूक नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय.

त्यातच मुंग्या आल्या. सोललेल्या उसाचा वास त्यांना लागला असणार. त्या पाटावरून चढल्या, फॉन्डंटवरून वळल्या आणि माझ्या हातावर आल्या. लाल होत्या, चावऱ्या. मी हात हलवू शकत नव्हते. तोंडाने मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला "या ना, जेवलात का" चालूच होतं.

तेव्हाच नवऱ्या मुलाची आई रुखवत बघायला आली. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, आणि आल्यापासून कुणाशी फारसं न बोललेली. आमच्या सगळ्यांना तिचीच धास्ती होती. तिने सशाकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं, केकसमोर थांबली. मग वाकून पाटाकडे पाहिलं, मुंग्यांची रांग नजरेने वर वर आणली आणि ती माझ्या पदरात शिरते तिथे थांबली.

मी मनात म्हटलं, मोडलं. ही आता काय ते बोलणार आणि लग्न लागलेलं असलं तरी उद्या विसरवाडीहून नारळ परत येणार.

ती टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, शालूचा पदर सोडला आणि दुसऱ्या बाजूने केकला हात लावला. मग मांडवाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "रुखवत आमनं शे. मी स्वतः लई जास. व्हा बाजूले."

विहिणीने स्वतः रुखवत उचलायचं, हा तर वधूपक्षाचा केवढा मान. बायकांनी कौतुकाने वाट दिली. आम्ही दोघी पाटासकट तो केक धरून, पाळणा न्यावा तशा, मांडवातून चालत निघालो. फोटोवाल्याने फोटो काढले. त्यात मी हसते आहे. डोळे पाणावलेत, त्याला लोक भावना समजतात. मुंग्या होत्या त्या.

मांडवामागच्या खोलीत पोचून दार लोटलं, पाट खाली ठेवला आणि केक निमूटपणे आडवा झाला. आतून उसाचं टोक बाहेर आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. ती माझा सुजलेला हात हातात घेऊन मुंग्या झटकत होती. मान वर न करता म्हणाली,

"ऊस ते तुमना काही कामना नही. पन ती समईले तवय कोनी धरं नही ना, बाई. आते मी शे धराले."