लाडूची कात

परळच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर आला, तरी कमलाबाईंचं नाव टिकून होतं. चाळीतली निम्मी पोरं त्यांनीच तेल लावून न्हाऊमाखू घातलेली. अशा या बाईंनी एक शपथ घेतली होती, सुनेच्या सापाला हात लावणार नाही.

संघमित्राने हा साप माहेराहून आणला होता. लग्न ठरवताना कमलाबाईंनी फ्रिज नको, कपाट नको, असं बाणेदारपणे सांगितलं; सापाचं बोलायचं राहून गेलं. परदेशी जातीचा, बिनविषारी पायथन, म्हणजे छोटेखानी अजगरच. घाबरला की अंगाचा गोळा करून बसायचा, म्हणून नाव लाडू. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती. कमलाबाईंच्या जन्माची नव्हती. मुलगा अजित माझगावच्या गोदीत मोठाली जहाजं दुरुस्त करायचा, पण लाडूच्या काचेच्या पेटीजवळून जाताना भिंतीला चिकटून जायचा.

जानेवारीत बँकेच्या ट्रेनिंगसाठी संघमित्रा नागपूरला निघाली. जाताना म्हणाली, "आई, खाणं त्याला दिलंय, ते आता मी आल्यावर. तुम्ही फक्त पेटी सांभाळा. एका बाजूला ऊब हवी आणि आत दमटपणा. हा मीटरवरचा आकडा साठच्या आसपास राहू दे."

ऊब कमलाबाईंना लगेच कळली. बाळबाळंतिणींना शेक देण्यात हयात गेलेली. घोटाळा झाला तो दमटपणाचा. पेटीत नारळाचा ओला भुसा पसरलेला बघून त्यांचा जीव कळवळला. लेकराला कुणी ओल्यात ठेवतं का? लाडू आपल्या लपायच्या डब्यात असला की त्या झाऱ्याने भुसा उपसायच्या, गॅलरीत पेपरावर सांडग्यांसारखा वाळवायच्या आणि कोरडा ठणठणीत करून परत घालायच्या. आकडा पन्नासवर आला, मग चाळीसवर. त्यांची स्वतःची शुगर अशीच मेहनतीने खाली आली होती, त्यामुळे आकडा उतरला की तब्येत सुधारते, यात त्यांना शंकाच नव्हती. समोरच्या नलूला बोलावून त्यांनी तो कौतुकाने दाखवलाही.

लाडू मात्र फिका पडत चालला. डोळ्यांवर दुधी पडदा आला.

"मोतीबिंदू गं बाई," नलू म्हणाली.

कमलाबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डोळ्यांत घालायचे थेंब उरलेले. ते लाडूला घालावेत असं फार मनात आलं, पण शपथ आडवी आली. पुढे पडदा गेला आणि कात सुटू लागली, पण चिंध्याचिंध्यांनी. एका डोळ्यावर तर खपली तशीच अडकून राहिली. तेव्हा मात्र त्यांनी घाबरून सुनेला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, आकडा किती आहे?"

"छत्तीस," कमलाबाई अभिमानाने म्हणाल्या. "भुसा पण एकदम कोरडा ठेवलाय. तू टेन्शन घेऊ नको."

मग संघमित्राने हळू आवाजात सांगितलं, की हवा कोरडी झाली की कात अंगाला धरून बसते, आणि डोळ्यावर ती तशीच राहिली तर डोळा जाऊ शकतो. कमलाबाईंनी वाकून पेटीत पाहिलं. एवढी पोरं हाताखालून गेली, आणि हे एक आपल्या मायेने आंधळं होणार. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"कोमट पाण्यात सुती कापड भिजवा, पिळा आणि त्यातून त्याला सरपटू द्या. ओढून काही काढू नका. अजितला सांगा ना."

अजितला नेमकं तेव्हाच आठवलं, की घरातलं दूध संपलंय. तो गेला. बघायला आलेली नलू सोफ्यावर चढून उभी राहिली.

कमलाबाईंनी ट्रंकेतून जुनं लुगडं काढलं. याच लुगड्यात त्यांनी अजितला गुंडाळलं होतं. ते भिजवून, पिळून मांडीवर पसरलं, डोळे मिटले आणि पेटीत हात घातला. लाडू ना चिकट होता ना गार. मांडीवर घेतल्यावर हात आपोआप मालिशीच्या चालीने फिरू लागले. तो घडीत शिरायचा, दुसरीकडून निघायचा आणि लुगड्याला कात चिकटून राहायची. सगळ्यात शेवटी डोळ्यावरची खपली सुटली. खाली काळाभोर डोळा लकाकत होता.

"नलू, बघतोय गं माझ्याकडे," म्हणताना कमलाबाईंना रडू फुटलं.

ट्रेनिंग संपवून संघमित्रा परतली, ती खांद्यावरची बॅगही न उतरवता थेट पेटीकडे गेली. कमलाबाई मध्येच आडव्या उभ्या राहिल्या.

"बाहेरून आलीयेस. आधी हातपाय धू, मग घे त्याला."