फुसाएनं पाठ घासून घेतली

टोफू विकणारी फुसाए छातीच्या ऑपरेशननंतर आमच्या गल्लीतल्या बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात पहिल्यांदा आली, तीही ऐन संध्याकाळच्या गर्दीत.

गल्ल्यावरची मालकीण कुजबुजली, "दुपारी उघडायच्या आधी येत जा गं. तेव्हा कुणी नसतं."

"का? मी काय चोरी केलीय?" असं म्हणून फुसाएनं कपडे उतरवले, अंग धुतलं आणि ती सौनात, घाम काढायच्या तापल्या खोलीत, जाऊन सगळ्यांत वरच्या फळीवर बसली. एकेक बाई "फारच तापलंय बाई" म्हणत बाहेर सटकली.

फुसाए आतून ओरडली, "पळा, पळा! कॅन्सर घामातून लागतो, ठाऊक नव्हतं होय?"

मग ती बाहेर, मी अंग धूत होते तिथं, माझ्या शेजारच्या स्टुलावर आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून आम्ही एकमेकींची पाठ घासतोय. मी हलक्या हातानं पंचा फिरवला.

"पाठ घासतेयस की मांजर कुरवाळतेयस? जोर लाव!"

मी जोर लावला, पाणी ओतलं आणि उठले. म्हटलं, आता तिला कशाला त्रास? तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बस खाली. तुझी पाठ राहिलीय. कापलीय ती छाती. हात शाबूत आहेत माझे."